समोरच्या गाडीने डिपर दिला, तर उत्तर काय द्यावे?

पत्र:

मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो. वय एकतीस. गेल्या दिवाळीत मी वापरलेली, छप्पर उघडणारी, दोन आसनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. रविवारी पहाटे बायपासने राऊ, महू करत मानपूरपर्यंत चक्कर मारून येतो. मध्यंतरी एका रविवारी समोरून आलेल्या पोर्शने मला दोनदा डिपर दिला, म्हणजे पुढचे दिवे क्षणभर चमकवले. पुढे पोलीस असावेत किंवा माझ्याच गाडीत काही बिघाड दिसत असावा, अशा समजुतीने मी वेग कमी करून गाडी कडेला घेतली. नंतर कळले की, ते गृहस्थ मला नमस्कार करत होते आणि मी उत्तर दिले नाही म्हणून 'नव्या मुलाला गाडीची मस्ती आली आहे' असे त्यांनी आमच्या रविवारच्या गटात सांगितले. तेव्हापासून समोर स्पोर्ट्स कार दिसली की मला धास्तीच वाटते. आधी कोणी हात करायचा? दिवे द्यायचे की हॉर्न? सिग्नलला शेजारी उभा राहिलेला चालक इंजिन रेस करतो, त्याला काय उत्तर द्यायचे? पोरे मोबाइल काढून 'भिया, एक बार आवाज निकालो' म्हणतात, त्यांचे काय करायचे? वडील शेजारी बसलेले असतात. ते म्हणतात, 'गाडी बघून नमस्कार करायचा, तर त्या दूधवाल्याने काय घोडे मारले आहे?' त्यांना काय सांगू?

– एक वाचक, इंदूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

समोरून डिपर आला म्हणून तुम्ही वेग कमी केलात आणि गाडी कडेला घेतलीत. माझ्या मते त्या सकाळी बायपासवर जे काही घडले, त्यात तेवढीच एक गोष्ट बिनचूक झाली. त्या गृहस्थांच्या मनात नमस्कार असेलही, परंतु त्यांनी जी खूण निवडली तिला आपल्या रस्त्यांवर आधीच चार-पाच अर्थ चिकटलेले आहेत आणि त्यांतला एकही नमस्काराचा नाही. मागच्या गाडीने डिपर दिला तर 'बाजूला व्हा', अरुंद पुलावर समोरच्याने दिला तर 'आधी मी येतो, तुम्ही थांबा', रात्री दिला तर 'अप्पर खाली करा', आणि दिवसाढवळ्या दिला तर 'पुढे पोलीस उभे आहेत' किंवा 'तुमच्या गाडीचे काहीतरी लोंबते आहे', असाच अर्थ आपल्याकडचा कोणीही अनुभवी चालक लावील. ब्रिटनमधला हायवे कोडही या बाबतीत कडक आहे. आपण येथे आहोत एवढे इतरांना कळवण्यापुरतेच दिवे चमकवावेत, दुसरा कोणताही निरोप देण्यासाठी नव्हे, असे तो सांगतो. तरीही तिथले चालक सर्रास 'तुम्ही आधी जा' एवढे म्हणण्यासाठी दिवे देतात, म्हणजे आपल्या अर्थाच्या नेमके उलट. लंडनहून सुट्टीला आलेला भाचा इंदुरात गाडी चालवणार असेल, तर त्याच्या कानावर हे आधीच घातलेले बरे.

त्या गृहस्थांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ते अगदीच निराधार वागले असे नाही. स्पोर्ट्स कारच्या चालकांनी एकमेकांना ओळख देण्याची रीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत रुजली. ब्रिटनमधल्या एमजी कंपनीची टीसी ही छोटी, उघडी, दोन आसनी गाडी तेव्हा तिकडे पोहोचली. ती केवळ उजव्या स्टिअरिंगचीच बनत असे, त्यामुळे अमेरिकन रस्त्यावर ती चालवणारा माणूस लांबूनही वेगळा दिसे. शेव्हरलेची कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली आणि त्या पहिल्या वर्षी तिच्या अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या, त्याही सगळ्या पांढऱ्या. पोर्शची ३५६ ही गाडी चालवणारे लोक त्याच दशकात एकमेकांना दिवे चमकवून ओळख देत असत, असे जुने पोर्शप्रेमी आवर्जून सांगतात. ज्या गाडीचा जोडीदार दिवस-दिवस दिसत नाही, त्या गाडीच्या मालकाला तो दिसल्यावर हात वर करावासा वाटणे स्वाभाविक होते. बिघाड झाला तर सुट्या भागांची आणि चांगल्या मिस्त्रीची माहितीही अशाच माणसाकडून मिळण्याची आशा असे. १९८९ मध्ये आलेल्या मॅझ्दाच्या एमएक्स-५ चे उत्पादन २०१६ मध्ये दहा लाखांवर गेले, म्हणजे दुर्मीळतेचे कारण तिच्या बाबतीत कधीच संपले, तरी तिचे मालक परस्परांना हात करतातच. एकदा रुजलेली रीत कारण संपले म्हणून लगेच सुटत नाही.

आपल्या शहरात तर ही हौस नव्वद वर्षांची आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन आसनी बॉडी चढवून घेतली होती. तिला समोरून जोडीची गाडी भेटण्याचा संभव नव्हता, त्यामुळे हात आधी कोणी करायचा हा प्रश्न महाराजांना पडला नसावा.

आता तो प्रश्न घेऊ. आधी कोणी करायचा हे गाडीच्या किमतीवर, वयावर किंवा गटातल्या ज्येष्ठतेवर ठरत नाही. ज्याला आधी दिसले आणि ज्याचा हात मोकळा आहे, त्याने करावा. एखादी जुनी, जिवापाड जपलेली गाडी समोरून आली तर मात्र तिच्या चालकाला आपण होऊन आधी ओळख द्यावी. तेवढा मान त्या मेहनतीला द्यायला हरकत नाही.

ओळख द्यायची ती हातानेच, परंतु कोणत्या हाताने आणि किती, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे रहदारी डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे समोरून येणारा चालक नेहमी तुमच्या उजव्या खांद्याच्या बाजूने जातो. उजवा हात स्टिअरिंगवर जिथे आहे तिथेच ठेवा, अंगठ्याने आणि तळव्याने पकड कायम राहू द्या आणि केवळ चार बोटे सरळ वर उचला. समोरच्या काचेतून ती बोटे दिसतात. दिसली नाहीत, तरी तुमची गाडी तुमच्या ताब्यात असते. छप्पर उघडे असेल आणि वेग शहरातला असेल, तर हात काचेच्या चौकटीच्या वर नेलात तरी चालेल. तो लांबून दिसतो आणि उघड्या गाडीला शोभतोही.

खिडकीतून बाहेर हात मात्र काढू नये. ही माझी आवड नव्हे. रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या नियमावलीत चालकाच्या हाताच्या खुणा ठरवून दिलेल्या होत्या: उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून वरखाली हलवला तर 'मी वेग कमी करतो आहे', कोपरापासून हात उभा धरला तर 'मी थांबतो आहे', आणि हात आडवा धरून पुढे-मागे अर्धवर्तुळात फिरवला तर 'तुम्ही मला ओव्हरटेक करू शकता'. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, तरी लायसन्स काढताना या खुणा पाठ केलेली पिढी आजही रस्त्यावर आहे. तुम्ही उत्साहाने हात बाहेर काढून समोरच्या पोर्शला नमस्कार कराल आणि तुमच्या मागचा ट्रकवाला त्याला 'या पुढे' समजून गाडी उजवीकडे काढेल, तर दोष त्याला देता येणार नाही.

याच कारणाने परदेशातील मोटारसायकलस्वारांची नक्कल करणेही अप्रस्तुत आहे. अमेरिकेत किंवा जर्मनीत रहदारी उजवीकडून चालते, समोरचा स्वार डावीकडून जातो, आणि ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक उजव्या हातात असल्याने डावा हात मोकळा असतो. म्हणून तिथे डाव्या हाताची दोन बोटे खाली सोडून ओळख देतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडची रहदारी असल्यामुळे तिथले स्वार बहुधा नुसती मान हलवतात. आपल्याकडची काही मुले व्हिडिओ बघून डाव्या हाताची ती दोन बोटे खाली सोडतात. त्या बाजूला पाहणारे कोणी असलेच, तर कडेने चरणाऱ्या म्हशी असतात.

उत्तर मिळाले नाही, तर काय समजावे? काहीही समजू नये. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. अशा दोन गाड्या समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले २०० मीटरचे अंतर साडेचार सेकंदांत संपते. तेवढ्यात समोरची गाडी कोणती हे ओळखायचे, हात उचलायचा, आरसा आणि लेन सांभाळायची आणि समोरच्याचा हातही पाहायचा. त्यात तुमच्या दोघांच्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या ठेंगण्या, दुभाजकावर अनेक ठिकाणी कण्हेर वाढलेली, पहाटेचा तिरपा प्रकाश काचेवर. अशा स्थितीत ज्याचा हात दिसला नाही त्याला मस्ती आली आहे असा निष्कर्ष काढणारा माणूस रस्त्याकडे कमी आणि मानापमानाकडे अधिक पाहतो आहे, असेच म्हणावे लागेल.

एकाच दिशेने जाताना ओळख देण्याचा मोह सर्वांत धोक्याचा आहे. उजवीकडून ओव्हरटेक करणाऱ्या गाडीचा चालक तुमच्यापासून दूरच्या बाजूला बसलेला असतो; तुमच्या शेजारून जाते ती त्याची डावी, म्हणजे सोबत्याची खिडकी. तुम्हाला हात करायचा, तर त्याला मान पूर्ण डावीकडे वळवून सोबत्याच्या पलीकडे बघावे लागते, आणि तेवढा वेळ त्याचे समोर लक्ष नसते. त्याला पुढे जाऊ द्यावे आणि तो आपल्या लेनमध्ये आला की त्याच्या आरशात दिसेल असा हात वर करावा. दोन गाड्या जोडीने चालवत खिडकीतून बोलणे, एकमेकांचे व्हिडिओ घेणे, हे प्रकार नमस्कारात बसत नाहीत. मागे अडकलेल्या माणसाच्या शिव्यांत बसतात. चारही इंडिकेटर लावण्याची रीतही टाळा. जपानमध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठी ते दोनदा लुकलुकवतात हे खरे, परंतु आपल्याकडे तेच इंडिकेटर लावून लोक चौकातून सरळ जातात, आणि मागच्याला त्यातून काहीच बोध होत नाही.

हॉर्नबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तुम्ही पहाटे निघता. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवता येत नाही, आणि सुदामानगरच्या गल्लीत तो वाजवलात तर नियमांच्या आधी शेजारच्या काकू दारात येतील.

सिग्नलवर इंजिन रेस करणाऱ्याला मात्र मी ओळख देणारा मानत नाही. ते आव्हान असते. तुम्ही परत रेस केलीत की आव्हान स्वीकारले असा त्याचा अर्थ होतो, आणि हिरवा दिवा लागल्यावर काय होते ते तुम्ही जाणता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा असून, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच्याकडे बघून मान हलवा, हसा आणि दिवा हिरवा झाल्यावर त्याला जाऊ द्या. आपल्या शेजारच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक जून २०२१ पासून सुरू आहे. तिथे वाटेल त्याला वाटेल तेव्हा गाडी पळवता येत नाही, पण तेवढा वेग अजमावायला असली बंदिस्त जागा लागते, हे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या पोरांचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण ती मुले खरोखर खूश झालेली असतात आणि त्यांना तोंड फिरवून दाखवणे माणुसकीला धरून होत नाही. आवाज काढू नका. सायलेन्सरला बगल देणाऱ्या गाडीला किंवा विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला कलम १९४-फ खाली पहिल्यांदा एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. तुमच्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच असला, तरी गर्दीत इंजिन रेस केल्यावर पोरे पुढे सरकतात, मागे हटत नाहीत. त्याऐवजी त्यांच्याकडे बघून हात करा. गाडी उभी असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर एखाद्याला आत बसून फोटो काढू द्या. 'भिया, थँक्यू' म्हणताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. गाडी चालू असताना त्यांच्या मोबाइलसाठी काहीही करू नका.

आता तुमच्या वडिलांचा आक्षेप. तुमच्या पत्रातला हा सर्वांत वजनदार भाग आहे आणि त्याला 'तुम्हाला नाही कळायचे' असे उत्तर देऊन तो मिटणार नाही. रेल्वेच्या फलाटावर खांद्याला तबल्याची पिशवी लावलेली दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली तर एकमेकांकडे बघून हसतात. त्यात इतर प्रवाशांचा अपमान नसतो. सारख्या गाडीच्या चालकाला बोटे उचलून दाखवणे तसेच आहे, असे वडिलांना सांगता येईल. पण त्यांच्या बोलण्यात जे खरे आहे ते यामुळे खोडले जात नाही. ही रीत हौसेवरून घसरून किमतीवर आली की ती वाईट दिसते. पोर्शवाल्याने झेड-फोरला हात करायचा, झेड-फोरवाल्याने पोर्शला, आणि रंग देऊन चकचकीत केलेली जुनी मारुती ८०० किंवा कॉन्टेसा घेऊन निघालेल्या माणसाने आनंदाने हात केला तर दोघांनीही समोर बघायचे, हे मी आपल्याकडच्या रस्त्यांवर पाहिले आहे आणि मला ते अत्यंत असभ्य वाटते. आपण होऊन कोणाला ओळख द्यावी हा तुमच्या आवडीचा भाग असेल. आलेल्या नमस्काराला उत्तर देणे हा आवडीचा भाग नाही. मग समोर ऑटोरिक्षा का असेना.

राहिला दूधवाला. पहाटे साडेपाचला तो रस्ता तुमच्याआधी त्याचा असतो. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले असतात, त्यामुळे त्याची गाडी वाटते त्यापेक्षा बरीच रुंद असते, आणि तुमची ठेंगणी गाडी जवळून वेगात गेली की तो वाऱ्याने डगमगतो. त्याच्या मागे असतानाच वेग कमी करून, पुरेसे अंतर सोडून पुढे जाणे हाच त्याला केलेला नमस्कार. तसेच मानपूरच्या घाटात साइड देणाऱ्या ट्रकवाल्याचे. तो उंच बसलेला असतो, उघड्या गाडीत वरून त्याला सगळे दिसते. ओव्हरटेक पूर्ण करून आपल्या लेनमध्ये आलात की डावा हात एकदा वर करा. पोर्शला केलेल्या दहा नमस्कारांपेक्षा हा एक अधिक कमावलेला असतो. आणि वडिलांना सांगा की, त्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत, त्यांची खिडकी रस्त्याच्या कडेच्या बाजूला आहे, आणि माळव्याच्या खेड्यांतून जाताना अनोळखी माणसालाही राम-राम करण्याची पद्धत त्यांना तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. सायकलवाला, दूधवाला, पारावर बसलेले म्हातारे, हे सगळे त्यांच्या बाजूला येतात. त्या बाजूचा कारभार त्यांच्याकडे सोपवावा. हात मात्र त्यांनीही आतच ठेवावा.

शेवटी त्या पोर्शवाल्या गृहस्थांबद्दल. गटात जे बोलले गेले त्याला गटातच लेखी उत्तर देण्याच्या भरीस पडू नका, कारण मोबाइलवरच्या खुलाशाला पन्नास जण उत्तर देतात आणि ज्याच्यासाठी तो लिहिला तो एकटा वाचत नाही. पुढच्या रविवारी सगळे जिथे पोहे-जिलबीला थांबतात तिथे गाडी लावा, त्यांच्याकडे चालत जा, नाव सांगा आणि म्हणा, "त्या दिवशी डिपर आपण दिला होता ना? मला वाटले पुढे पोलीस आहेत, म्हणून मी बाजूला थांबलो." बहुतेक माणसे यावर हसतात आणि चहा मागवतात. तसे झाले तर तिथेच सुचवून टाका की, गटाने दिवसा-रात्री डिपर न देता केवळ हात करावा. तुमच्यासारखे आणखी दोन-तीन जण तरी मनातून हेच म्हणत असतील. क्षमा मागू नका, मागण्यासारखे काही घडलेले नाही. आणि एवढे करूनही ते फुगलेलेच राहिले, तर रविवारी अर्धा तास आधी निघत जा. मानपूरचा घाट त्या वेळी अधिक मोकळा असतो.